अधिकारी निर्दोष सुटला, भरपाईही मिळाली. मग जबाबदार नेमके कोण ठरले?

निंबोणी (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॅडिसन शहरात, नातवाला सांभाळण्यासाठी गुजरातहून आलेले सत्तावन्न वर्षांचे एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळच्या रस्त्यावर फेरी मारत होते. एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत हिंडतो आहे, असा फोन वस्तीतील कोणीतरी पोलिसांना केला. पोलीस आले तेव्हा आपल्याला इंग्रजी येत नाही आणि आपण भारतातले आहोत, एवढेच आजोबा सांगू शकले. थोड्याच वेळात एका अधिकाऱ्याने त्यांचे हात मागे धरले आणि पायाला हिसका देऊन त्यांना तोंडावर आपटले. मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया करावी लागली व अंशतः पक्षाघात झाला. हे सारे पोलिसांच्याच गाडीवरील कॅमेऱ्यात टिपले गेले आणि राज्यपालांनी भारताची माफीही मागितली.

तरीसुद्धा संघीय न्यायालयातील फौजदारी खटल्यात दोनदा ज्युरीचे एकमत झाले नाही, जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले आणि पुढे तो नोकरीवर परतला. दिवाणी दाव्यात मात्र साडेसतरा लाख डॉलरची तडजोड झाली. एकाच कृतीचे दोन निकाल असे वेगळे कसे लागतात? यात वर्णद्वेष होता की नाही, हे कोणी तपासले का? माझे आईवडील दरवर्षी काही महिने आमच्याकडे अमेरिकेत येतात आणि त्यांनाही इंग्रजी बोलता येत नाही, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

शमीवृक्ष

फौजदारी खटल्यात आरोप वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावा लागतो, दिवाणी दाव्यात पारडे एका बाजूला थोडे झुकले तरी पुरते. हा फरक आपल्याकडेही आहे. पण इथे खरी अडचण त्याहून खोल आहे. नागरी हक्क हिरावल्याचा संघीय गुन्हा सिद्ध करण्यासाठी अधिकाऱ्याने ते जाणूनबुजून केले, हे ज्युरीला पटवावे लागते. ‘ते हात सोडवून घेत आहेत असे मला वाटले’ एवढे अधिकाऱ्याने म्हटले, की त्याच्या मनात नेमके काय होते याचा पुरावा आणायचा कुठून? त्यात १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर या निकालाने बळाचा वापर घटनास्थळी असलेल्या वाजवी अधिकाऱ्याच्या नजरेतून तोलायचा, असे ठरवून दिले आहे, आणि ज्युरी बहुधा गणवेशाला झुकते माप देते.

दिवाणी दावा १८७१ च्या कायद्याखाली चालतो. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनने कृष्णवर्णीयांवर अत्याचार चालवले होते आणि स्थानिक अधिकारी त्यांना साथ देत होते. त्यांना न्यायालयात खेचता यावे म्हणून तो कायदा झाला. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६७ पासून निकालानिकालांतून ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाचे कवच उभे केले. जवळपास तशाच परिस्थितीतील कृती बेकायदा असल्याचे आधीच्या निकालातून स्पष्ट झालेले नसेल, तर दावा सुनावणीआधीच निकाली निघतो. म्हणजे अन्याय जितका अभूतपूर्व, तितकी सुटका सोपी. हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. या प्रकरणात ते कवच टिकले नाही, कारण आजोबांनी प्रतिकार केलाच नव्हता असे ज्युरी मानू शकेल, असे अपील न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. तडजोड त्यानंतरची आहे.

पाणवठा

वर्णद्वेषाविषयी सांगायचे, तर त्या न्यायालयात तो प्रश्न निकालासाठी आवश्यकच नव्हता. एका माणसाच्या अंतःकरणात शिरून द्वेष शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. तो आकड्यांत दिसतो. २०१५ च्याच मार्चमध्ये संघीय न्याय विभागाने मिसूरीतील फर्ग्युसन शहराच्या पोलिसांविषयी अहवाल दिला. शहरात कृष्णवर्णीय ६७ टक्के होते, पण २०१२ ते २०१४ या काळात थांबवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के होते. दंडाच्या वसुलीवर शहराचा गाडा चालत असल्याने पोलिसांवर जास्तीत जास्त दंड आकारण्याचा दबाव होता, हेही त्यात नोंदले आहे.

अशी चौकशी करण्याचा अधिकार न्याय विभागाला १९९४ च्या कायद्याने मिळाला आणि तिच्यातून न्यायालयाच्या देखरेखीखालील सुधारणा करार होतात. परंतु तो अधिकार वापरणे सरकारच्या मर्जीवर आहे. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची २०२० मध्ये पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर मिनियापोलिस पोलिसांची चौकशी होऊन जून २०२३ मध्ये भेदभावाचे निष्कर्ष आले आणि जानेवारी २०२५ मध्ये करार न्यायालयात दाखलही झाला; मात्र सरकार बदलले आणि मे महिन्यात न्याय विभागानेच तो मागे घेतला. नशिबाने राज्याच्या मानवी हक्क विभागाशी झालेला वेगळा करार लागू आहे.

रानवाट

आता पैशांचे. मॅडिसनची रक्कम त्या अधिकाऱ्याच्या खिशातून गेली असे कोणी समजू नये. ती शहराच्या विम्यातून आली. प्राध्यापक जोआना श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या पोलीस दलांविरुद्धच्या दाव्यांत वादींना मिळालेल्या रकमेपैकी अधिकाऱ्यांनी स्वतः भरलेला वाटा अवघा ०.०२ टक्के निघाला. भरपाई मिळायलाच हवी, त्याविषयी वाद नाही. पण करदाता पैसे भरतो आणि ज्याने हात उचलला त्याच्या सेवापुस्तकावर ओरखडाही उठत नाही, अशा व्यवस्थेला मी जबाबदारी म्हणायला तयार नाही. कोलोरॅडोने २०२० मध्ये कायदा करून राज्याच्या न्यायालयातील दाव्यांत क्वालिफाइड इम्युनिटीचे कवच काढून घेतले. अधिकारी सद्भावनेने वागला नसल्याचे आढळल्यास त्याला निकालातील रकमेचा ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यांपैकी कमी असेल तेवढा वाटा स्वतः भरावा लागतो.

शमीवृक्ष

एक जोड देतो. ज्या १८७१ मध्ये अमेरिकेने तो कायदा केला, त्याच वर्षी इंग्रजांनी भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणून जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आजही कुठे चोरी झाली की पारधी वस्तीवर आधी कोण जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेकडे बोट दाखवताना याचा विसर पडू नये.

निंबोणी

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या शहराचा पोलीस संघटनेशी असलेला करार नूतनीकरणासाठी नगरपरिषदेपुढे येणार आहे आणि नागरिकांना तिथे बोलता येते. मी जाणार आहे. नेमके काय विचारावे?

रानवाट

कराराची प्रत आधी मागून घ्या आणि शिस्तभंगाचे कलम वाचा. शिक्षेच्या नोंदी किती वर्षांनी काढून टाकल्या जातात, बडतर्फीचा निर्णय लवाद फिरवू शकतो का आणि घटनेनंतर जबाब देण्यापूर्वी अधिकाऱ्याला किती तासांची मुदत व चित्रफीत पाहण्याची मुभा मिळते, हे तिन्ही प्रश्न लेखी द्या, म्हणजे ते कामकाजाच्या नोंदीत येतील. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला थांबवल्यास दुभाषाला फोन लावण्याचा नियम आहे का, हेही त्याच कागदावर लिहा.