स्वतःची आठवण संशोधनाचे साधन कधी ठरते?

प्रश्न – केतकी
स्त्री-अभ्यासातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी ‘मुलींचे केस आणि शिस्त’ हा विषय घेतला आहे. शाळेत जाण्यापूर्वी तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या लाल रिबिनी, केस मोकळे सोडले की घरातल्या मोठ्या बायकांकडून मिळणारी समज, पहिल्यांदा केस कापून घेतले त्या दिवशीचा अबोला, हे सारे मला स्पष्ट आठवते आणि त्याचा साधनसामग्री म्हणून उपयोग करावा असे वाटते. परीक्षण समितीचे म्हणणे असे की, एका व्यक्तीची आठवण पडताळता येत नाही, त्यामुळे ती प्रस्तावनेत शोभेल, विश्लेषणाच्या प्रकरणात नाही. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. तथापि या गोष्टींची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आठवणीचा उपयोग शिस्तीने कसा करावा?

प्रतिसाद – वाचनवेडा
आपला विषय ऐकताच जर्मनीतील समाजशास्त्रज्ञ फ्रिग्गा हाउग यांच्या गटाचे काम आठवले. 1980 च्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीतील या समाजवादी स्त्रीवादी गटाने ‘स्मृतिकार्य’ ही पद्धत घडवली आणि त्यांच्या 1983 च्या पुस्तकात केस हाच एक स्वतंत्र विषय होता. त्यांचा प्रश्न मूलगामी होता: स्त्रियांवर बंधने लादली जातात हे खरे, पण लहान मुलगी ती बंधने आपलीशी कशी करते, त्यांत स्वतःची हौस आणि अभिमान कसा गुंतवते? याचे उत्तर सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीतून मिळणे अवघड आहे, कारण उत्तर देणारी प्रौढ स्त्री तोपर्यंत आपल्या आयुष्याची एक सुसंगत कथा तयार करून बसलेली असते.

म्हणून ही पद्धत आत्मचरित्र लिहायला सांगतच नाही. एकच प्रसंग निवडायचा, तो ‘मी’ऐवजी ‘ती’ असे म्हणून लिहायचा, क्षुल्लक वाटणारे तपशीलही ठेवायचे आणि स्पष्टीकरण किंवा समर्थन करायचे नाही. त्यानंतर गटातील सर्वजणी मिळून तो मजकूर तपासतात: ठरीव वाक्ये कुठे आली, विसंगती कुठे आहे, कोणाचा उल्लेखच नाही. या चर्चेनंतर तोच प्रसंग पुन्हा लिहिला जातो, आणि दोन लेखनांमधील फरक हासुद्धा विश्लेषणाचा विषय होतो. ऑस्ट्रेलियातील जून क्रॉफर्ड, सुसान किपॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावनांच्या अभ्यासासाठी हीच पद्धत वापरून 1992 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. समितीला आपण हेच सांगावे की, आपण एकटीच्या स्मरणावर निष्कर्ष उभारणार नाही.

प्रतिसाद – इतिहासप्रेमी
पडताळणीच्या मुद्द्याला मात्र सरळ उत्तर द्यायला हवे. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार मार्च 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पुढे घेतलेल्या मुलाखतींत अनेक कामगारांनी मात्र त्याचा मृत्यू 1953 च्या कामगारकपातीच्या संघर्षात झाल्याचे सांगितले. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक सोडून न देता तिचे कारण शोधले, तेव्हा त्या मृत्यूला साजेसा अर्थ देण्याची कामगारांची गरज समोर आली. पण ती चूक ओळखता आली ती समकालीन नोंदी हाताशी होत्या म्हणूनच. आपणही शाळेचे गणवेशाचे नियम, वर्गाची छायाचित्रे, त्या काळातील केशतेलाच्या जाहिराती मिळवाव्यात आणि आठवणीशेजारी ठेवून वाचाव्यात.

प्रतिसाद – माणदेशी
वरील दोन्ही सूचना उपयुक्त आहेत, पण महाराष्ट्रात हा विषय जातीला वगळून करता येणार नाही. एका घरात मुलीच्या वेणीमागे केशवपन केलेल्या पणजीची आठवण असेल, तर दुसऱ्या घरात डोक्याला लावायला तेल मिळणे हीच अडचण असेल. एकाच जातीच्या मैत्रिणींचा गट जमवला, तर सगळ्यांना सारखेच आठवेल आणि ते सर्व स्त्रियांचे सत्य असल्याचा भास होईल.

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी 2006 च्या ग्रंथात दलित स्त्रियांची आत्मकथने साक्ष म्हणून वाचली. त्यांत एकटीचा ‘मी’ समूहापासून तुटत नाही हे त्यांनी दाखवले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन याच दृष्टीने पुन्हा वाचावे. नवऱ्याकडून स्वतःला झालेल्या मारहाणीबद्दल त्या पुढे या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात वस्तीतील बायकांचे हाल तपशिलाने येतात, स्वतःचे हे दुःख मात्र जवळजवळ येत नाही. हे लेखनही त्यांनी वर्षानुवर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. जे लिहिले गेले नाही त्याची कारणे शोधणे हे मला या पद्धतीतील सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे काम वाटते.

केतकी
आपणा सर्वांचे मनापासून आभार. वेगवेगळ्या जातींतील आणि वयांच्या स्त्रियांचा छोटा गट जमवण्याचा प्रयत्न करते. एक शंका राहते: माझ्या आठवणीत आई आणि आत्या आहेत, त्यांची संमती घ्यावी का?

प्रतिसाद – वाचनवेडा
अवश्य घ्यावी. तृतीयपुरुषी लेखनामुळे आपले नाव झाकले जाते, आईचे नाही. मसुदा त्यांना वाचून दाखवावा. ‘असे झालेच नव्हते’ असे त्या म्हणाल्या, तर आपला मजकूर न बदलता त्यांचे म्हणणे, त्यांची परवानगी असल्यास, त्याच पानावर नोंदवावे. गटातील इतर स्त्रियांनाही आपले लेखन केव्हाही मागे घेण्याची मुभा असावी आणि ती सुरुवातीलाच लेखी द्यावी.