मदत हवी आहे : वारली व कातकरी विद्यार्थ्यांची अभ्यासप्रेरणा मोजण्याविषयी

पालघर जिल्ह्यातील आश्रमशाळांमधल्या आठवीच्या वारली व कातकरी विद्यार्थ्यांची अभ्यासप्रेरणा आणि परीक्षेतील गुण यांचा संबंध मी एम.एड.च्या प्रबंधिकेसाठी तपासत आहे. यशाची प्रेरणा मोजणाऱ्या, देव-मोहन यांच्या पन्नास विधानांच्या मापनीचा (प्रश्नावलीचा) मराठी अनुवाद करून तो काही मुलांकडून भरून घेतला. मात्र इतरांच्या पुढे जाण्याविषयीच्या विधानांवर अनेक मुले शेजाऱ्याकडे पाहून मगच खूण करत होती. ही प्रेरणेची उणीव आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरी अडचण जमातीच्या नोंदीची आहे. स्टील व अ‍ॅरन्सन यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत (1995) चाचणीपूर्वी केवळ वंश विचारल्यानेही कामगिरी घसरल्याचे आढळले, आणि हॉफ व पांडे यांना उत्तर प्रदेशातील गावांत मुलांची जात जाहीर केल्यावर असाच परिणाम दिसला. त्यामुळे हा रकाना प्रश्नावलीच्या आरंभी ठेवणे मला धोक्याचे वाटते.

मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, परंतु वेळ एकाच तासिकेचा आहे आणि प्रश्नावली कागदावरच द्यावी लागेल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुले गळतात, म्हणून काम त्याआधीच उरकायचे आहे.

जमातीची माहिती मुलांना न विचारता शाळेच्या नोंदवहीतून घेतली, तर संशोधन-नीतीच्या दृष्टीने पालकांची वेगळी लेखी संमती आवश्यक ठरते का? आणि स्पर्धेपेक्षा स्वतःची प्रगती व एकमेकांना मदत यांवर भर देणारी, आदिवासी विद्यार्थ्यांवर प्रमाणित केलेली मराठी मापनी कोणी वापरली आहे का?