उत्तर: डब्यांची यादी (गुरुवारपासून), तीन आठवडे की चार दिवस?

अन्न समिती:
मंडळी, बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्या घरी द्यायच्या डब्यांची तीन आठवड्यांची यादी काल रात्री चार दिवसांवर आणली. बाळाच्या बाबांच्या मेलमध्ये "कॅथेटरनं करणार" असं आहे, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीनं, तेव्हा सोमवारपर्यंत घरी. मोकळे झालेल्यांनी कोजागिरीच्या दुधाकडे यावं, तिथे माणसं कमी आहेत.

डब्लिनचे काका:
योग्य केलंत. आमच्या धाकटीच्या हृदयाचं भोक छत्रीसारख्या छोट्या उपकरणानं बंद केलं, मांडीच्या शिरेतून. छातीला टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी वरणभात. १९६६ मध्येच फिलाडेल्फियात डॉ. रॅशकिंड यांनी छाती न उघडता, फुग्याच्या नळीनं नवजात बाळांच्या हृदयातला पडदा उघडला होता.

वेस्टरव्हिलची ताई:
काका, लेकीचं भोक होतं. या बाळाच्या हृदयाची डावी बाजूच वाढलेली नाही. याच्या ऑपरेशनला हायब्रिड म्हणतात, सर्जन आणि कॅथेटरवाले मिळून करतात, आणि त्यात छाती उघडतात. फुप्फुसांत रक्ताचा लोंढा जाऊ नये म्हणून सर्जन तिकडच्या दोन्ही रक्तवाहिन्यांवर पट्ट्या आवळतात. जन्मानंतर मिटून जाणारी नळी उघडी राहावी म्हणून कॅथेटरवाले डॉक्टर तिच्यात स्टेंट, म्हणजे जाळीचा आधार, बसवतात, कारण अंगाला रक्त तिच्यातूनच मिळतं. हृदय थांबवून त्याचं काम करणारं हार्ट-लंग मशीन लागत नाही, हे मोलाचं. महाधमनी घडवायचं मोठं ऑपरेशन बाळ चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबवता येतं. टळत मात्र नाही. पुढे दोन-तीन वर्षांचं झाल्यावर फाँटन नावाचं तिसरं ऑपरेशन.

आमच्या लेकाची तिन्ही झाली. सगळ्यात कठीण गेला तो पहिल्या दोन ऑपरेशनांमधला घरचा काळ. रोज वजन, रोज ऑक्सिजन, दुधाचा प्रत्येक मिलिलीटर वहीत. वजन एक दिवस वाढलं नाही तरी हॉस्पिटलला फोन. मी ओट्याशी उभ्यानं शेंगदाणे खाऊन दिवस काढलेत. डबा तेव्हा लागतो.

ढोल पथक:
मार्चपर्यंतचे शुक्रवार आमचे. पोळ्या मात्र कुणीतरी द्या.

अन्न समिती:
ताई, माझं चुकलं, तीन आठवडे परत लावलेत. पण मार्चपर्यंतची यादी समिती बसून ठरवेल. वार परस्पर घेऊ नका, संक्रांतीला एकाच घरी तीन डबे गेले होते.

ढोल पथक:
संक्रांतीचे डबे आमचे नव्हते.

कॅथ लॅबमधली (कॅथेटरची कामं होतात तिथली) मी:
पहिले काही आठवडे आयसीयूतच जाऊ शकतात, तेव्हा डबे आधी हॉस्पिटलकडे. घरी आल्यावर डबा दारात ठेवून निघा. बाळ बघायला आत जाऊ नका, साधी सर्दीही या बाळाला झेपत नाही. मुलांना सोबत नेऊच नका.

पॉवेलच्या काकू:
समिती काय ठरवायचं ते ठरवो, मंगळवार माझा. पोळ्या मी देते. गुरुवारी अळीवाचे लाडूही पाठवते, बाळंतीण आहे ती, हे कुणाच्याच यादीत नाही.