ट्यूडर लंडनमधील ‘अप्रेंटिस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

ट्यूडर काळातील, म्हणजे १४८५ ते १६०३ या काळातील लंडनच्या एका कापडविक्रेत्याच्या घराविषयीचा लेख मी मराठीत आणत आहे. त्या घरात मालक, मालकीण, त्यांची मुले, दोन मोलकरणी आणि तीन ‘अप्रेंटिस’ राहतात. ही तिघे पोरे दिवसभर खालच्या दुकानात राबतात, मालकाच्याच घरी जेवतात आणि रात्री माळ्यावर झोपतात. ‘शिष्य’ असे लिहिले की डोळ्यांसमोर आश्रम उभा राहतो, ‘नोकर’ असे लिहिले तर त्यांना पगार का नाही याचा उलगडा होत नाही, आणि ‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दाला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. शिवाय मालक मुलाला आपल्या धंद्यातील ‘आर्ट अँड मिस्टरी’ शिकवील, असे त्यांच्या करारात म्हटले आहे. त्याचे भाषांतर मी ‘कला आणि रहस्य’ असे केले आहे. परंतु कापड मोजून विकण्यात रहस्य ते कोणते, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपण शोधत आहात तो शब्द मराठीत आहे. निवडणुकांनी तो पळवून नेला, एवढेच. ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘आशा धरून असलेला’ असा आहे. पुढेमागे आपल्याला जागा मिळेल किंवा धंद्यात पाय रोवता येतील, या आशेवर बिनपगारी किंवा तुटपुंज्या पैशांवर काम शिकत राहणे म्हणजे ‘उमेदवारी करणे’. नवखा वकील ज्येष्ठ वकिलाकडे करतो ती उमेदवारीच, आणि कारखान्यांच्या जाहिरातींत ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्दप्रयोग आजही दिसतो. लंडनच्या त्या मुलाची आशाही याच जातीची होती: मुदत पुरी झाली की शहराचे हक्क मिळावेत, स्वतःचे दुकान थाटता यावे आणि आपल्याही हाताखाली उमेदवार ठेवता यावेत.

‘मिस्टरी’चा मात्र रहस्याशी काही संबंध नाही. सेवा किंवा काम या अर्थाच्या ‘मिनिस्टेरियम’ या लॅटिन शब्दापासून धंद्याचा वाचक असा हा शब्द बनला, आणि गूढ या अर्थाच्या दुसऱ्या शब्दाशी त्याची गल्लत इंग्रजीतच होऊन गेली. आपण ‘हुन्नर’ लिहावे. कला आणि कसब ही दोन्ही त्या एका शब्दात येतात, त्यामुळे जोडशब्द जपण्याची गरज उरत नाही. चीपसाइड या रस्त्याच्या नावातही असाच चकवा आहे. तेथे काहीही स्वस्त नव्हते, उलट सोनारांची श्रीमंत दुकाने तेथेच होती. जुन्या इंग्रजीत ‘चीप’ या शब्दाचा अर्थ बाजार असा होता.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘उमेदवार’ या शब्दात एक उणीव राहते. आपल्याकडचा उमेदवार कंटाळला तर उद्यापासून येणे बंद करू शकतो. लंडनचा मुलगा मात्र कागदाने बांधलेला असे. एकाच चर्मपत्रावर कराराच्या दोन प्रती लिहून ते मधोमध नागमोडी किंवा दातेरी रेषेत कापत. एक तुकडा मालकाकडे आणि दुसरा मुलाच्या बाजूकडे राही. पुढे वाद उपस्थित झालाच, तर दोन्ही तुकड्यांचे दाते एकमेकांत बसतात की नाही, यावरून कागदाचा खरेपणा ठरे, आणि त्या कराराचे ‘इंडेंचर’ हे इंग्रजी नावही दातांवरूनच पडले आहे. १५६३ च्या कायद्याने किमान सात वर्षांची मुदत देशभर लागू केली. त्या काळात मुलाने लग्न करायचे नाही, फासे आणि पत्ते खेळायचे नाहीत, दारूच्या गुत्त्यात जायचे नाही, आणि मालकाने त्याला अन्न, वस्त्र, निवारा व हुन्नर द्यायचा, असा हा सौदा होता. १५८२ मध्ये तर शहराने उमेदवारांच्या पोशाखावरही निर्बंध घातले. त्यांनी लोकरीची साधी टोपी घालावी आणि गळ्याभोवतीच्या चुणीदार झालरींच्या नादी लागू नये, अशी अपेक्षा होती.

या दृष्टीने ‘शागीर्द’ हा शब्द मला काही काळ मोहक वाटला. पेशवाईतील कागदांत ‘शागीर्दपेशा’ म्हणजे घरच्या खासगी चाकरांचा वर्ग, त्यामुळे शिकणे आणि चाकरी हे दोन्ही धागे त्या शब्दात आहेत. पण आजच्या वाचकाला शागीर्द म्हटले की तालीम आणि वस्ताद आठवतात. कापडाच्या दुकानात तो शोभत नाही. म्हणून प्रथम उल्लेखात ‘करारबद्ध उमेदवार’ आणि पुढे नुसते ‘उमेदवार’, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आता एक नवी अडचण उभी राहिली आहे. लेखात १५१७ च्या मे महिन्यातील दंगलीचा प्रसंग येतो. त्या रात्री चीपसाइडवर काही तरुण खेळत होते. रात्री नऊनंतर बाहेर राहण्यास मनाई असल्याने एका नगरपित्याने त्यांच्यापैकी एकाला धरू पाहिले, आणि उमेदवारांनी सोटे घेऊन धावून येण्याची आरोळी ठोकली. बघता बघता जमाव वाढला आणि परदेशी कारागिरांची घरे फोडली गेली. त्यांना लेखात ‘स्ट्रेंजर’ म्हटले आहे, तर ‘फॉरेन’ असा शब्द दुसऱ्याच लोकांसाठी येतो. मी दोन्ही ठिकाणी ‘परदेशी’ लिहिले आहे. ते चालेल का?

उत्तर

मुळीच चालणार नाही. अर्थ उलटा होईल. त्या काळच्या लंडनमध्ये फ्लँडर्स, फ्रान्स किंवा इटलीहून आलेला मनुष्य तो ‘स्ट्रेंजर’, आणि ‘फॉरेन’ म्हणजे ज्याला शहराचे हक्क मिळालेले नाहीत असा अस्सल इंग्रज. तो केंटमधील असेल, यॉर्कशायरचा असेल, कदाचित लंडनमध्येच जन्मलेला असेल. परंतु त्याला शहरात किरकोळ विक्रीचे दुकान उघडता येत नसे. बाहेरगावच्या कापडवाल्याने आपला माल ब्लॅकवेल हॉल या शहराच्या कापडबाजारात आणून विकावा, अशी व्यवस्था होती.

या माणसासाठी मराठीत ‘उपरी’ हा नेमका शब्द तयार आहे. आपल्या गावगाड्यात मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे आणि उपरी कुळ वर्षाच्या कराराने जमीन कसत असे. उपरी परमुलखातलाच असला पाहिजे, असे मुळीच नव्हते. हक्क नाही म्हणून तो उपरी. तेव्हा ‘स्ट्रेंजर’ला ‘परदेशी’ आणि ‘फॉरेन’ला ‘उपरी’ लिहावे.

हक्क असलेल्याला मात्र ‘मिरासदार’ म्हणू नये, कारण लंडनचा हक्क केवळ बापाकडून येत नसे. सात वर्षांची उमेदवारी, हक्कदार बापाच्या पोटी जन्म आणि रोख रक्कम, असे तीन मार्ग होते, आणि बहुतेक जण पहिल्याच मार्गाने आत येत. ते लोक स्वतःच्या नावापुढे ‘लंडनचा नागरिक आणि कापडविक्रेता’ असे अभिमानाने लिहीत. ‘नागरिक’ हा शब्द तेथे अक्षरशः नगराचा आहे, देशाचा नव्हे. पण वाचक तो तसा वाचणार नाही, म्हणून ‘नगराचा हक्कदार’ बरा.

प्रश्नकर्ता

मग हे वाक्य असे लिहितो: ‘सात वर्षांची उमेदवारी पुरी करून तो नगराचा हक्कदार झाला, त्याच्याच वयाच्या, यॉर्कशायरहून आलेल्या उपऱ्याला मात्र स्वतःचे दुकान उघडता येईना.’ येथे ‘यॉर्कशायरहून आलेल्या’ हे शब्द गाळले तर चालतील का? वाक्य लांबले आहे.

उत्तर

वाक्य लांबले तरी ते शब्द ठेवावेत. ते गाळले, तर वाचक उपऱ्याला पुन्हा समुद्रापलीकडे नेऊन ठेवील.