मुहूर्त १२:३१ चा, अक्षता पावणेतीनला

सिडकोची मावशी:
काल इथे एकाने लिहिलं, "लग्नाचं वेळापत्रक पाहुण्यांना पाठवणं हा त्यांचा अपमान आहे. लग्न म्हणजे रेल्वे आहे का? आपल्यात असलं काही नव्हतं." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या वैशाखात भाचीचं लग्न होतं, नाशिकला संभाजीनगर रोडच्या एका लॉन्सवर. मुहूर्त १२:३१. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघालाच साडेबाराला, आणि डीजेपुढे दोनशे पावलं यायला दीड तास लागला. अक्षता पडल्या पावणेतीनला. पोरगी सकाळपासून उपाशी गौरीहरापुढे बसलेली. मुंडावळ्या घामाने कपाळाला चिकटल्या होत्या, मी पदराने टिपत होते. तिची माफी कोणी मागितली?

आणि "आपल्यात नव्हतं" काय? घटिकापात्र विसरलात? तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. भटजी त्या वाटीवर नजर लावून बसायचे.

माझ्या मुलीच्या लग्नात मी कागद केला. दहाला सीमांतपूजन, सव्वाअकराला पारावरून निघायचं, सव्वाबाराला मंडपात. एक प्रत आचाऱ्याला, एक गुरुजींना, एक बँडवाल्याला. वेळेत पोचवलंत तरच उरलेले पैसे, हे बँडवाल्याला आधीच सांगितलं होतं. १२:३१ ला अक्षता पडल्या.

निफाडकर:
ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेत नाही. तुमच्या कागदाला द्वारका चौकातली कोंडी माहीत आहे का? आमचे पाहुणे चांदवड-येवल्याहून येतात, द्राक्षाची खुडणी आवरून. माझ्या बहिणीच्या लग्नात वडिलांचे मामा ट्रॅफिकमध्ये अडकले. ऐंशीच्या घरातला माणूस. "पाच मिनिटं थांबा" म्हणून हात जोडले, गुरुजी थांबले नाहीत. मामा आले तेव्हा खाली पडलेल्या अक्षता होत्या. मुहूर्त म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटं. पाच मिनिटांनी काय बिघडत होतं?

गुरुजींचा मुलगा:
४८ मिनिटांचा हिशेब इथे लागू नाही. विवाहाला लग्नराशी, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, आणि तिचा नवमांश, म्हणजे नववा भाग, बघतात. राशी साधारण दोन तास, नवमांश जेमतेम तेरा मिनिटं. म्हणून १२:३१ असा आकडा येतो. वडील पाच मिनिटं नेहमी थांबतात. पण खरं बोला, उशीर म्हाताऱ्या मामांमुळे होतो की सत्कारांमुळे?

पंचवटीकर:
सत्कार! मागच्या महिन्यात चाळीस मिनिटं नुसती नावं पुकारली. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. मग एक पुढारी आले, त्यांचं भाषण. अंतरपाट धरून मामा उभे, हात थरथरायला लागले, शेवटी दुसऱ्याने टोक धरलं. शिवाय नाव पुकारायचं राहिलं म्हणून एक चुलते न जेवता निघून गेले.

निफाडकर:
सत्काराला नावं ठेवू नका. गारपिटीत बाग झोपली तेव्हा ज्यांनी आम्हाला उभं केलं, त्यांना शाल नको द्यायला? शहरात बसून बोलणं सोपं आहे.

पंचवटीकर:
शहर-गाव आणू नका. माझंही घर दिंडोरीत आहे. शाल द्या, पायाही पडा. पण जेवणाच्या वेळी, त्यांच्या जागेवर जाऊन. माईक कशाला?

निफाडकर:
चार माणसांत मान दिला तरच तो मान.

सिडकोची मावशी:
आणि नवरीचा मान?

बावीस वर्षं आचारी:
मला कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. मसालेभात बाराला तयार असतो. पुऱ्या मी मंगलाष्टकं सुरू झाल्याशिवाय कढईत सोडत नाही. लग्न लांबलं की भात सुकतो, मठ्ठा आंबतो, आणि लोक अक्षतांच्या आधीच पानावर बसतात. एकदा दोनपर्यंत निम्मी माणसं जेवून गेली, वधूपित्याने रिकाम्या खुर्च्यांसमोर कन्यादान केलं. नाव मात्र माझं खराब, पुऱ्या वातड म्हणून.

निफाडकर:
रिकाम्या खुर्च्यांचं पटलं. माझ्या धाकटीचं लग्न मार्गशीर्षात आहे. कागद करीन, पण आचारी, बँड आणि गुरुजींसाठी. पाहुण्यांना पाठवणार नाही. सत्कार होणार, पण अक्षतांनंतर. आणि मामांसाठी थांबणार म्हणजे थांबणार.

सिडकोची मावशी:
मामांना आदल्या रात्रीच मुक्कामाला आणा, सकाळी द्वारका लागणारच नाही. पारावरून किती वाजता निघताय?

निफाडकर:
सव्वाअकरा.

सिडकोची मावशी:
अकरा लिहा.