सां-क्युलोतला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंचांची टर उडवणाऱ्या अठराव्या शतकातल्या इंग्रजी छापचित्रांवर लिहितेय आणि या एका शब्दाशी अडलेय. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या सप्टेंबर १७९२ च्या चित्रात फ्रेंच राज्यक्रांतीतले पॅरिसचे क्रांतिकारक, म्हणजे हेच सां-क्युलोत, माणसं खाताना दाखवलेत, अंगात कोट वगैरे आहे पण ढुंगण उघडं. मी सरळ 'नागडे' लिहिलंय, चालेल का?

– नागडे नको हो. क्युलोत म्हणजे गुडघ्यापर्यंतची तंग तुमान, खाली लांब मोजे, हा सरदार-श्रीमंतांचा पोशाख. आपला जुना 'चोळणा' त्याच्या जवळ जातो. कामकरी माणूस ती घालायचा नाही, तो घोट्यापर्यंत लांब विजार घालायचा म्हणून तो सां-क्युलोत, म्हणजे खरं तर त्याचे पाय सरदारापेक्षा जास्तच झाकलेले! गिलरेनं मुद्दाम शब्दशः अर्थ धरला आणि त्यांना खालून उघडंच काढलं. सगळी गंमत या श्लेषात आहे आणि 'नागडे'मध्ये फक्त इंग्रजांची बाजू येते.

– मग बिनचोळण्याचे?

– अर्थानं अगदी बरोबर, पण आज चोळणा किती जणांना कळणार. मी 'बिनतुमानी' म्हणेन. श्रीमंतांची तुमान नाही असंही वाचता येतं आणि खाली काहीच नाही असंही.

– बिनतुमानी मस्तच, घेतला. अजून एक, इंग्रज चित्रकार होगार्थ १७४८ मध्ये फ्रान्सच्या कॅले बंदरात वेशीचं स्केच काढताना हेर समजून पकडला गेला आणि परत येऊन त्यानं त्यावरच चित्र केलं, त्यात फ्रेंच शिपायांच्या वाट्याला नुसतं सूप मेग्र आणि शेजारून इंग्रजांच्या खाणावळीसाठी बीफचा मोठा तुकडा चाललाय. ते 'पाणचट सूप' केलंय.

– पाणचट दिसतं खरं, पण मेग्र म्हणजे रोड आणि मेग्र म्हणजे मांस वर्ज्य असलेलंसुद्धा, कॅथलिकांच्या उपासाच्या दिवसाचं. त्याच चित्रात लठ्ठ पाद्री त्या बीफला बोट लावून बघतोय ना, तो टोमणा उपास कळल्याशिवाय लागतच नाही. 'उपासाचं पातळ सूप' करा. आपल्या वाचकाला साबुदाणा आठवेल, म्हणून मांस वर्ज्य होतं हे शेजारच्याच वाक्यात सांगून टाका.