'सिंगिंग इन द रेन': आवाजचोरीवरचा सिनेमा, आणि त्यातच लपवलेला आवाज?

रीळवेडा:
रविवारी 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) चौथ्यांदा पाहिला आणि डोक्यात किडा वळवळला. पाहिला नसेल त्यांच्यासाठी: साल १९२७, मूकपट जाऊन बोलपट येतोय. लीना मोठी नटी, पण आवाज असा की पत्र्यावर खिळा ओढावा. मग कॅथी नावाची नवखी पोरगी तिच्यासाठी आडून बोलते, गाते. शेवटी भर थिएटरात पडदा वर जातो आणि आवाजाची खरी मालकीण सगळ्यांना दिसते. टाळ्या!

आता पडद्यामागचं ऐका. 'वुड यू' या गाण्यात कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सचा आवाज नाहीच, तो बेटी नॉइसचा. आणि कॅथी लीनासाठी संवाद बोलते तिथे ऐकू येतो लीना झालेल्या जीन हेगनचाच खराखुरा, भारदस्त आवाज! म्हणजे हेगनला आवाज देणाऱ्या रेनल्ड्सला आवाज दिला हेगननेच. इथवर गंमत आहे. पण नॉइसबाईंचं नाव श्रेयनामावलीत नाही. लीनाला खलनायिका करायचं आणि स्वतः तेच करायचं, ही हा सिनेमा काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओची लबाडी नाही तर काय?

कोथरूडची_मिनू:
अहो, जरा दमानं. तेव्हा रिवाजच होता तो. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'त नताली वूड, 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्न, तिघींसाठी मार्नी निक्सन गायली. पडद्यावर नाव एकदाही नाही. मग याच सिनेमाला का धरताय? विनोदी सिनेमा आहे, प्रतिज्ञापत्र नाही.

रीळवेडा:
बाकीच्यांनी या विषयावर कीर्तन केलं नव्हतं. यांनी केलं.

ग्रामोफोन_अण्णा:
आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? 'महल' (१९४९) मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे मधुबालाच्या पात्राचं! गायली होती आपली लता. लोक विचारू लागले, ही कोण? मग नावं यायला लागली. मिनूताई, कुणीतरी कटकट केल्याशिवाय रिवाज मोडत नाही.

टाचदुखी:
तुम्ही आवाजावर अडलात, मी पायांवर. आठ वर्षं कथक केलंय म्हणून बोलते. याच सिनेमातल्या 'गुड मॉर्निंग' या नाचगाण्याचं चित्रीकरण सकाळी आठला सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. डेबी तेव्हा १९ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स येत होतं, नाच नाही. शेवटी पायांतून रक्त. तालमींच्या दिवसांत एकदा पियानोखाली रडत बसलेली नामवंत नर्तक-नट फ्रेड अस्टेअरला सापडली. त्याने तिला स्वतःची तालीम बघायला नेलं, आपल्यालाही घाम गाळावा लागतो हे दाखवायला. आता गाण्याच्या शेवटी डेबी, हिरो जीन केली आणि त्याचा मित्र झालेला डोनाल्ड ओकॉनर, तिघं सोफा उलटवून हसत पडतात ना, तिथे तिचा चेहरा बघा. मला ते हसू बघवत नाही. बाळंतपण आणि हा सिनेमा, आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दोन गोष्टी असं ती पुढे सांगायची.

कोथरूडची_मिनू:
पण जीन केलीने स्वतःला तरी कुठे सोडलं? पावसातलं गाणं केलं तेव्हा १०३ ताप अंगात. दिवसा रात्र दाखवायची म्हणून रस्त्यावर काळी ताडपत्री ताणलेली, लोकरीचा सूट भिजून आटतोय. त्यात दुपार कलली की स्टुडिओच्या गावातले, कल्व्हर सिटीतले लोक घरची हिरवळ भिजवायला नळ सोडायचे आणि इकडे पावसाचा जोर कमी! डोनाल्ड ओकॉनर 'मेक एम लाफ' हे धडपडीचं गाणं करून अंथरुणाला खिळला, नंतर कळलं फिल्म खराब झालीय. बिचाऱ्याने सगळं पुन्हा केलं. असं झिजल्यावरच असलं काम उभं राहतं.

टाचदुखी:
तापात नाचायचं केलीने स्वतः ठरवलं. दोन दिग्दर्शकांतला एक तोच, हिरोही तोच. त्या पोरीला कुणी विचारलं होतं?

चहाबाज:
मध्येच नाक खुपसतो. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध घातलं होतं ना?

रीळवेडा:
थाप आहे ती. मागून दिवे टाकले की धारा चमकतात. दूध तुमच्या चहाला ठेवा.

कोथरूडची_मिनू:
आत्ता हेडफोन लावून 'गुड मॉर्निंग' आणि 'वुड यू' लागोपाठ ऐकली. आवाज वेगळा आहे, मान्य. पण डेबीने ओठ इतके चोख हलवलेत की रीळवेडा, चार वेळा पाहूनही तुम्हाला हे कुठेतरी वाचूनच कळलं ना?

रीळवेडा:
वाचूनच कळलं. पडद्यावर कुठे लिहिलं होतं?